खाऱ्या पाण्याची वाट

मे महिन्यातली दुपार आहे. पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेलेला. अकोल्यातल्या जठारपेठ चौकात तुम्ही डोक्याला रुमाल गुंडाळून एका दुकानाच्या सावलीत उभे आहात. रसवंतीची घुंगरंही दमल्यासारखी वाजताहेत. कपाळावरून घामाचा एक थेंब निघतो, गालावरून घरंगळतो आणि ओठाच्या कोपऱ्यात येऊन थांबतो. जीभ आपसूक तिकडं जाते. खारट.

आपल्याला इथूनच निघायचं आहे. या थेंबातलं सोडियम तुमच्या वयाचं नाही. तुमच्या पणज्यांच्याही वयाचं नाही. निसर्गात सापडणारं सोडियम एकाच घडणीचं असतं, त्याच्या अणूचा भार 23. ते फुटत नाही, झिजत नाही, म्हातारं होत नाही. कालच्या वरणातून ते तुमच्यात आलं. त्याआधी ते मिठागरात होतं, समुद्रात होतं, नदीत होतं, दगडात होतं. त्याचं बोट धरून मागं जाता येतं, आणि वऱ्हाडात तर फार लांबपर्यंत जाता येतं.

जाण्याआधी त्याचा स्वभाव ओळखून घ्या. त्याच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन असतात: आत दोन, मग आठ आणि सगळ्यांत बाहेर एकटा एक. हा एकटा त्याला पेलवत नाही. मिळेल त्याला अणू तो देऊन टाकतो. दिल्यानंतर मात्र तो इतका शांत होतो की पुन्हा सहजासहजी कोणाशी घट्ट बांधला जात नाही. म्हणून त्याचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात विरघळतात. पाणी नेईल तिकडं सोडियम जातं. पाणी अडलं की तेही अडतं. पाणी उडून गेलं की ते मागं एकटं उरतं, पांढरं होऊन. एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामी येईल.

आता उत्तरेकडं चला. जठारपेठेच्या नळाला जे पाणी येतं ते दक्षिणेकडच्या महानच्या धरणाचं, काटेपूर्णा नदीचं. गोडं पाणी. अकोटच्या रस्त्यानं उगवा गाव मागं टाकलं की विहिरींची चव बदलू लागते. गांधीग्रामला पूर्णेचं पात्र लागतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी याच पात्रातलं पाणी भरण्यांत भरून, कावडी खांद्यावर घेऊन, शिवभक्त रात्रभर चालत अकोल्याच्या राजराजेश्वराला जातात. आत्ता उन्हाळ्यात नदी बारीक झाली आहे. काठावर गुळपट्टी विकायला आहे. एक तुकडा तोंडात टाका आणि डोळे मिटा. तोंडातली गोडी संपेपर्यंत ही नदी ओलांडून तुम्ही दहीहांड्यात पोचलेले असाल, आणि साल असेल 1930.

डोळे उघडता तेव्हा एप्रिलचं ऊन तेच आहे, माणसं मात्र वेगळी. पांढऱ्या टोप्या, खादीची लुगडी, धुळीत भरलेली बैलगाड्यांची चाकं. 6 एप्रिलला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं. ती बातमी वऱ्हाडात आली तेव्हा इथल्या माणसांपुढं एक अडचण होती. कायदा मोडायचा तर मीठ करायला हवं, आणि मीठ करायचं तर समुद्र हवा. समुद्र शेकडो मैल लांब. मग कोणाला तरी आपल्याच गावातली इहीर आठवली. जिचं पाणी गुरंही तोंडाला लावत नाहीत, जिच्यामुळं सोयरीक जमताना पोरीचा बाप दोनदा विचार करतो, ती खारी इहीर. वऱ्हाडानं मिठाच्या सत्याग्रहासाठी जागा निवडल्या त्या खाऱ्या विहिरींच्या याच पट्ट्यातल्या, खारपाणातल्या: अकोल्याकडं दहीहांडा, अमरावतीकडं भामोद. ब्रिजलाल बियाणी, वीर वामनराव जोशी, दुर्गाताई जोशी ही पुढाऱ्यांची नावं गर्दीत तुमच्या कानावर पडताहेत.

मला या प्रसंगाचं मोठं अप्रूप वाटतं. ज्या पाण्याला गावानं पिढ्यान् पिढ्या शिव्या दिल्या, तेच पाणी त्या उन्हाळ्यात गावाच्या अभिमानाचं झालं.

पुढं सरका. तीन दगडांची चूल आहे, वर कढई. एक बाई पाणी ओतते आहे, दुसरी पऱ्हाटीच्या काड्या चुलीत सारते आहे. पाणी उकळू लागतं आणि आटतं. आधी ते गढूळ होतं, कढईच्या बुडाशी पांढरट चुन्यासारखी साय धरते. हे चुन्याचे क्षार. ते पाण्यात सगळ्यांत कमी मावतात म्हणून सगळ्यांत आधी बाहेर पडतात. मीठ अजून पाण्यातच आहे. साध्या तापमानाला शंभर मिलिलिटर पाण्यात छत्तीसएक ग्रॅम मीठ मावतं आणि उकळत्या पाण्यात फार तर एकोणचाळीस. फरक जवळजवळ नाहीच. साखरेचा पाक गार केला की खडे धरतात, तसं मिठाचं होत नाही. गार करून ते हाती येत नाही, पाणी घालवावंच लागतं. म्हणून तर इतकी लाकडं, इतका घाम.

कढईतून थोडं पाणी उतू जातं आणि चुलीतल्या जाळावर पडतं. पाहा! जाळ एकदम पिवळाधमक झाला. हा रंग तुम्ही ओळखता. तुमच्या लहानपणी रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड असाच होता. एलईडी येण्याआधी साऱ्या शहराला पिवळं करणारे ते सोडियमचे दिवे. उष्णतेनं सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी घेतो, खाली उतरताना ती ऊर्जा उजेड म्हणून टाकून देतो, आणि त्या उजेडाची तरंगलांबी दर वेळी साधारण 589 नॅनोमीटर. दहीहांड्याच्या चुलीत असो की चौकातल्या खांबावर, पिवळा तोच.

आता कढईच्या कडेला दाणे दिसू लागलेत. जोरात उकळलं म्हणून बारीक. संथ उन्हात वाळू दिलं असतं तर चौकोनी, कोरलेल्यासारखे खडे झाले असते. तळाशी थोडं तेलकट पाणी उरलंय. बाई कढई तिरकी करते.

“भाऊ, हे आखरीचं पानी फेकून द्या लागते, नाई तं मीठ कडू होते.”

तिनं रसायनशास्त्राचं पुस्तक पाहिलेलं नाही, पण तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मॅग्नेशियमचे क्षार सगळ्यांत शेवटपर्यंत पाण्यात तग धरतात आणि त्यांचीच चव कडू. ती चिमूटभर ओलं, करडं मीठ तुमच्या तळहातावर ठेवते. या चिमटीवर सरकारचा कर नाही. हे मीठ बाळगणं गुन्हा आहे. ते जिभेवर ठेवा.

चव ओसरते तोवर आणखी साठ-सत्तर वर्षं मागं गेलात. गाव तेच. पण आता कढई नाही, गर्दी नाही. शंभरएक फूट खोल विहिरी आहेत, त्यातून उपसलेलं पाणी उथळ वाफ्यांत पसरलंय आणि ऊन आपलं काम करतंय. अकोल्याच्या उत्तरेकडं, पूर्णेच्या दोन्ही काठांना असा मिठाचा धंदा होता. इंग्रजांच्या जुन्या कागदांत त्याच्या नोंदी आहेत. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला, मग रेल्वे आली, मिठावरच्या कराची पकड आवळत गेली आणि हे वाफे ओस पडले. 1930 मध्ये त्या बायांनी कढई चुलीवर ठेवली तेव्हा त्या नवं काही करत नव्हत्या. गावाची जुनी विद्या परत उघड्यावर आणत होत्या.

इथून एक वळसा घ्यायला हवा. आतापर्यंत तुम्ही पाहिलं ते इलेक्ट्रॉन देऊन बसलेलं, शांत सोडियम. ते देण्याआधीचं कसं असतं हे पृथ्वीवर कोणी मोकळ्यावर पाहिलेलंच नव्हतं. 1807 च्या शरद ऋतूत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात शिरा. अठ्ठावीस वर्षांचा हम्फ्री डेव्ही वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून विजेचा प्रवाह सोडतो आहे. काही दिवसांपूर्वी त्यानं अशाच रीतीनं पोटॅशियम वेगळं काढलं तेव्हा तो आनंदानं खोलीभर नाचला होता, असं त्याच्या मदतनीस चुलतभावानं लिहून ठेवलंय. आता तारेच्या टोकाशी चांदीसारखे थेंब जमताहेत. निसर्गानं जो इलेक्ट्रॉन सोडियमकडून केव्हाच घेतला होता, तो विजेनं त्याला परत दिला.

हात लावू नका, नुसतं पाहा. गार झालेला गोळा सुरीनं लोण्यासारखा कापला जातो. कापलेली बाजू आरशासारखी चमकते आणि तुमच्या डोळ्यांदेखत काळवंडते. पाण्यात टाकला तर बुडत नाही, तरंगतो, कारण तो पाण्याहून किंचित हलका. मग सूं सूं करत पृष्ठभागावर धावू लागतो, स्वतःच्याच उष्णतेनं वितळून गोल होतो. त्याला वितळायला अठ्ठ्याण्णव अंशही पुरतात. तो पाण्याला इलेक्ट्रॉन देतो, पाण्यातून हायड्रोजन सुटतो, कधी पेट घेतो, आणि मागं उरतो पुन्हा तोच कॉस्टिक सोडा. म्हणून प्रयोगशाळेत त्याला रॉकेलात बुडवून ठेवतात. पाण्याशी त्याची ओढ एवढी मोठी आहे. त्यापुढं कढईतला संथपणा म्हणजे वादळ होऊन गेल्यानंतरची शांतता.

आणखी मागं, आणि पुन्हा वऱ्हाडात. सोळाव्या शतकाची अखेर. तुम्ही लोणारच्या कड्यावर उभे आहात. खाली जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा वाटोळा खड्डा, तळाशी हिरवं पाणी, काठानं देवळं. हा खड्डा उल्केच्या आघातानं झाला, हे इथं अजून कोणाला ठाऊक नाही. विष्णूनं लवणासुराला इथं मारलं, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. अबुल फजलनं ‘आईन-इ-अकबरी’त या जागेची नोंद केली ती काचेच्या आणि साबणाच्या कच्च्या मालासाठी. खाली उतरा आणि पाण्यात बोटं बुडवा. बोटं बुळबुळीत होतात. साबण लावल्यासारखं वाटतं, आणि खरं म्हणजे तेच होतंय: तुमच्या कातडीवरल्या तेलाचा थोडासा साबण झालाय.

दहीहांड्यात सोडियमच्या जोडीला मुख्यतः क्लोराईड होतं, इथं क्लोराईडबरोबर कार्बोनेट आणि बायकार्बोनेटही भरपूर आहे. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांचं हे तळं. याला बाहेर जायची वाट नाही. दगडातून झरून येणारं पाणी इथं येतं आणि उन्हानं उडतं. चुना आधीच तळाशी बसतो, सोडियम उरतं. उन्हाळ्यात काठावर त्याचे पापुद्रे धरतात. गोळा करणाऱ्यांनी त्यांना नावं दिली होती: डल्ला, पापडी, खप्पल, भुसकी. तुमच्या आजीच्या डब्यातला पापडखार याच घराण्यातला. वाळूत हा खार मिसळला की ती कमी आचेवर वितळून काच होते, तेलात त्याची दाहकता उतरवली की साबण होतो. एका बंदिस्त खड्ड्यातल्या पांढऱ्या सालीवर बांगडी आणि न्हाणीघर दोन्ही चालत.

शेवटची उडी लांबची आहे, पण तिथं थांबण्यासारखं फार नाही. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरतो आहे. त्या काळ्या दगडाच्या स्फटिकांत सोडियम बंदिस्त आहे. पुढं लाखो वर्षं पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन पडतो, ते सौम्य आम्ल दगड कुरतडतं आणि सोडियम मोकळं होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचते, त्या खोलगटात शेकडो मीटर गाळ साचतो. पूर्णा त्यावरून पश्चिमेला जाते, चांगदेवला तापीला मिळते, तापीतून समुद्राला. पण या सपाट, चिकण गाळातून पाणी फार हळू सरकतं. सगळं सोडियम समुद्राला पोचत नाही. खूपसं वाटेतच बसतं.

तेच हे खारपाण. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 4.7 लाख हेक्टर जमीन, जवळजवळ नऊशे गावं. परत या. आजचं वर्ष, जुलै महिना, दहीहांड्याजवळचं एक वावर.

काल रात्री पाऊस झालाय. तुमचे जोडे घोट्यापर्यंत मातीत गेलेत. पऱ्हाटीच्या तासांत पाणी तसंच उभं आहे, जिरत नाही. हेच वावर तुम्ही मेमध्ये पाहिलं असतं तर दगडासारखं टणक दिसलं असतं, हात जाईल एवढ्या भेगा पडलेलं. विहीर आहे, पण तिचं पाणी पिकाला दिलं तर जमीन आणखी बिघडते. म्हणून वरच्या पावसावर एक पीक, आणि पाऊस हुकला की तेही नाही. प्यायला वान धरणाचं पाणी आणणाऱ्या चौऱ्याऐंशी खेडी योजनेसारख्या योजना आल्या तेव्हा बायांच्या डोक्यावरचे हंडे थोडे कमी झाले. मूत्रपिंडाच्या आजाराची धास्ती अजून प्रत्येक गावात आहे.

या जमिनीला ‘खराब’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय लागली आहे. मला तो शब्द लागतो. जमीन खराब नाही. तिच्यात पोषण आहे, खोली आहे. तिच्यात एक पाहुणा बसलाय, आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही.

बांधावर एक काकू बसल्यात. त्यांच्यापुढं काचेचे दोन पेले. कृषी विद्यापीठाच्या माणसांनी दाखवलेला प्रयोग त्या तुम्हाला दाखवणार आहेत. दोन्ही पेल्यांत साधं पावसाचं पाणी, दोन्हींत याच वावरातलं सुपारीएवढं ढेकूळ. हलवायचं नाही. दहा मिनिटांत ढेकळाभोवती दुधट धूर पसरू लागतो. अर्ध्या तासानं पाणी चहासारखं गढूळ, आणि ते निवळायचं नाव घेत नाही.

काय चाललंय आत? चिकणमातीचा कण म्हणजे अतिशय पातळ पापडी, आणि तिच्यावर ऋण भार. कॅल्शियमचे दोन धन भार, तो दोन पापड्यांच्या मधे बसतो आणि दोघींना जवळ ओढतो. अशा पापड्या जुळून माती रवाळ होते, त्यातून पाणी झिरपतं, मुळाला श्वास मिळतो. सोडियमचा भार एकच, आणि त्याच्याभोवती पाण्याचा जाड वेढा. कॅल्शियमच्या जागी ते बसलं की पापड्या एकमेकींपासून दूर होतात, सुट्या होऊन तरंगतात आणि मातीच्या बारीक वाटा बुजवून टाकतात. मातीवर बसलेल्या अशा धन भाराच्या कणांत, म्हणजे आयनांत, सोडियम शेकडा पंधराच्या वर गेलं की शास्त्र तिला चोपण म्हणतं. आपल्या काळ्या मातीत त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. म्हणजे आधी पाण्याला वाट नव्हती म्हणून सोडियम बसलं, आणि बसल्यावर त्यानं उरलेली वाटही बंद केली.

काकू एका पेल्यात चिमूटभर पांढरी पूड टाकतात आणि काडीनं ढवळतात. जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचं सल्फेट. घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो त्याच चालीचं काम. फरक इतकाच की तुरटीतल्या ॲल्युमिनियमचे भार तीन, इथल्या कॅल्शियमचे दोन. बघता बघता त्या पेल्यात मातीचे पुंजके धरतात, खाली बसू लागतात. वरचं बोटभर पाणी स्वच्छ होतं. दुसरा पेला अजून चहाच आहे.

“मातीले असं जिप्सम देल्लं का ते खार सोडते,” काकू म्हणतात. “पन सोडून जाईन कुठं, हे पाह्यलं पाह्यजे ना भाऊ.”

सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. कॅल्शियम मातीवर बसतो, सोडियम सुटतं आणि सल्फेटबरोबर पाण्यात विरघळतं. पण ते पाणी वावरातच राहिलं तर उन्हात आटेल आणि सोडियम होतं तिथंच बसेल. म्हणून नुसत्या जिप्समच्या गोण्या वाटून भागत नाही. आधी चर हवेत, मग जिप्सम, आणि वरून धुवून काढायला गोडं पाणी, म्हणजे शेततळ्यात धरून ठेवलेला पाऊस. मधे धैंचा हे हिरवळीचं पीक पेरून गाडलं तर माती लवकर मोकळी होते. हे ज्ञान अकोल्यातच आहे, 1969 मध्ये स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. पण चर एकट्याच्या वावरात संपत नाही. तो शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, नाल्यातून, पूर्णेपर्यंत जायला हवा. ते काम एका शेतकऱ्याच्या ऐपतीचं नाही, साऱ्या शिवाराचं आणि सरकारचं आहे. ते व्हायला हवं, आणि लवकर.

काकूंनी आपल्या वावराच्या उताराला गेल्या उन्हाळ्यात चर खणून घेतलाय. त्या पुढं, तुम्ही मागं, चिखल तुडवत तिथवर जाता. चरात वीतभर पाणी आहे, मातकट, पण थांबलेलं नाही. एक वाळलेलं पान त्यावरून नाल्याकडं चाललंय. काकू वाकतात, बोट बुडवतात आणि जिभेला लावतात. मग तुम्हालाही खूण करतात. तुम्ही बोट बुडवता.

खारट आहे. जठारपेठेत ओठाशी आलेल्या घामाच्या थेंबासारखं.

“निंगालं,” काकू म्हणतात, आणि पदराला हात पुसतात.